पासिंग झालं, पण बॉनेट कुणी हलवून बघितलं?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला गाड्यांचं पान येतं, सनरूफ काय, टचस्क्रीन काय, सगळं असतं, पण आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्या ज्यांच्यावर घर चालतं त्यांच्यासाठी एक ओळ नसते म्हणून हे पत्र. विषय वाचून हसाल. बॉनेटच्या बिजागऱ्या.

माझी पिकअप १३ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री वाशीला निघालो, राजगुरुनगर सोडलं आणि चाकणच्या अलीकडे शेजारून एक बस सुसाट गेली तिच्या हवेने बॉनेट जे उचललं ते थेट काचेवर. पुढचं काही दिसेना. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून हळूहळू ब्रेक दाबत गाडी डावीकडे घेतली, मागं लोड होता, एकदम दाबला असता तर संपलं होतं.

सगळे म्हणाले लॉक नीट लागलं नसेल. अहो लॉक दोन महिन्यांपूर्वीच नवीन टाकलेलं! भानगड मागच्या बाजूला होती. बिजागरीची पिन आणि तिचं भोक झिजून भोक लांबट झालेलं, त्यामुळं बॉनेट एका अंगाला सरकायचं आणि पुढचा हूक लॉकच्या मधोमध न बसता कडेला अडकायचा, सेफ्टी कॅचलाही (लॉक सुटलं तरी बॉनेट अडवणारा दुसरा हूक) पूर्ण पकड नव्हती. झिजतं कशानं तर खड्डे आहेतच, पण आपणही कमी नाही, ताडपत्री ओढायला बॉनेटवर चढतो, आपटून बंद करतो, प्रेशरने गाडी धुतो त्यात होतं नव्हतं ते ग्रीस निघून जातं आणि पावसाळ्यात गंज चढतो.

खरं सांगायचं तर मला आधीच कळायला हवं होतं. एका कोपऱ्याचा रंग घासून पत्रा दिसत होता, फेंडरजवळची फट एकीकडे बोटभर आणि दुसरीकडे नावाला. बघायला मिनिट लागत नाही, बॉनेट वीतभर उचलायचं, काचेकडचा कोपरा धरून वरखाली हलवायचा, खटखट वाजलं की पिन गेली.

यापूर्वी एका गॅरेजवाल्याने पिनेला वेल्डिंगचा टाका मारून दिला होता, तीच बिजागरी जाम होऊन ब्रॅकेट वाकला. बिजागरी फिरली नाही तर बॉनेटचा पत्रा वाकतो, एवढी साधी गोष्ट! आता मी दोन्ही बाजूच्या नवीनच टाकल्या, एकच बदलली की दुसरी ओढते. काढायच्या आधी बिजागरीच्या कडेने मार्करने रेघ मारून घेतली कारण बोल्टची भोकं लांबट असतात, खूण नसली की फट जुळवता जुळवता दिवस जातो. आणि हे एकट्याचं काम नाही, पोराला बॉनेट धरायला उभा केला, एका वेळी एकच बाजू खोलली. पार्टच मिळत नसेल तर लेथवाल्याकडून भोक गोल करून पितळी बुश (भोकात बसवायची नळी) आणि मापाची पिन करून घ्या, पण वेल्डिंग नको.

आता मुद्द्यावर येतो. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी लागते, माझ्या गाडीचं पासिंगही या प्रकाराच्या तीन महिने आधीच झालेलं. रिफ्लेक्टर बघितले, लाईट बघितल्या, इंजिन नंबर बघायला बॉनेटसुद्धा उघडलं, मग तेवढाच हात बिजागरीला लावायला काय जात होतं? तपासणीत हे घ्यावं अशी बातमी तुम्ही लावून धरा, आणि त्या नव्या गाड्यांच्या पानावर कोपऱ्यात का होईना जुन्या गाडीच्या देखभालीला जागा द्या. बॉनेटवर चढून ताडपत्री बांधायची सवय मी सोडलीय, पोरगा अजून चढतो.

आपला,
एक पिकअपवाला, ता. जुन्नर