बोटीच्या नाळीवर काळा गोळा दिसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याहून शनिवार-रविवार मांडव्याला जाऊन शिडाची बोट चालवणाऱ्यांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. पहाटे ताम्हिणी उतरणाऱ्या या मंडळींत मीही असतो, त्यामुळे आवडीने वाचला. लाइफ जॅकेट, भरती-ओहोटीचे वेळापत्रक, सोबत किती पाणी न्यावे, सगळे व्यवस्थित सांगितले होते. पण सोबतचा मोठा फोटो पाहिला आणि हे पत्र लिहायला बसलो.

फोटोत शीड वर चढवलेले आहे, पण त्याला वळ्या पडल्या आहेत. बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्याच्या अगदी जवळ, एक पांढरी पिचकारी उडताना दिसते. ते इंजिन थंड करून बाहेर पडणारे पाणी आहे. म्हणजे फोटो काढला तेव्हा बोट इंजिनवर चालली होती. शीड वर आणि इंजिन चालू, अशा वेळी बोटीच्या पुढच्या भागात, चटकन दिसेल असा, टोक खाली असलेला काळा शंकू टांगायचा असतो. नरसाळे उभे धरल्यावर दिसते, तसा. फोटोत तो नाही. त्या एका बोटवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. गेल्या चार हंगामांत आमची बोट सोडून तो शंकू मी त्या पाण्यात एकदाच पाहिला.

मी नौदलात 22 वर्षे सिग्नलमन होतो. कोचीच्या सिग्नल स्कूलमध्ये पहिल्या आठवड्यात जे घोटून घेतले, ते अजून जिभेवर आहे. समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 1977 पासून लागू झाले. रात्री दिव्यांनी जे सांगायचे, तेच दिवसा काळ्या आकारांनी सांगायचे. नांगर टाकला की पुढच्या भागात एक गोळा. शीड आणि इंजिन दोन्ही चालू असतील तर टोक खाली असलेला शंकू. मासेमारी चालू असेल तर दोन शंकू टोकाला टोक लावून, हुबेहूब डमरू. जाळे बोटीपासून 150 मीटरपेक्षा लांब पसरले असेल तर त्या दिशेला आणखी एक शंकू, पण याचे टोक वर. म्हणजे शंकू नुसता टांगून भागत नाही, टोक कुठे आहे हेही महत्त्वाचे. उलटा टांगला तर समोरच्याला वाटेल की तुमचे जाळे पसरलेले आहे.

‘दिवसा तर सगळे दिसतेच की,’ हे वाक्य मी धक्क्यावर कितीदा तरी ऐकले. दिवसा बोट दिसते, हे खरे. ती काय करते आहे, ते दिसत नाही. ओहोटीचा ओढा जोरात असताना नांगरावर उभ्या असलेल्या बोटीकडे लांबून बघा. पाणी तिच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आपटून दोन्ही बाजूंना फुटत असते, थेट चालत्या बोटीसारखे. समोरच्याला वाटते, ही पुढे सरकेल, आपण हिच्या मागून जाऊ. ती तर जागची हलणार नसते. मागून जायचा बेत करून तो सरळ तिच्या अंगावर येतो.

शंकूचे महत्त्व मला गेल्या फेब्रुवारीत पुन्हा एकदा कळले. मांडव्याहून दुपारी परत निघालो होतो. वायव्येचा मंद वारा, आमच्या डाव्या अंगाला. इंजिन बंद. समोरून एक मोठी बोट आली, दोन्ही शिडे वर, तिला वारा उजव्या अंगाला. दोन शिडाच्या बोटी अशा समोरासमोर आल्या तर डावीकडून वारा घेणाऱ्याने बाजूला व्हायचे असते. म्हणजे आम्ही. मी सुकाणू फिरवले आणि उजवीकडे उतरलो. समोर डोल जाळ्यांचे, म्हणजे मासे धरायला एका जागी बांधून ठेवलेल्या जाळ्यांचे, खुंट. माझा मित्र नाळीवर बसून हाताने दाखवत होता, इकडे, इकडे, आणि शेवटचा खुंट आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला. ती बोट शेजारून गेली तेव्हा कुठे इंजिनाची घरघर ऐकू आली. तिची शिडे नुसती फडफडत होती. इंजिन चालू असलेली बोट नियमाने शिडाची बोट राहतच नाही, ती यांत्रिक बोट होते, आणि यांत्रिक बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते. बाजूला व्हायला हवे होते त्यांनी. शंकू असता तर मी ते अर्ध्या मैलावरून ओळखले असते. बोटीवरच्या माणसांनी हात हलवून आम्हाला नमस्कार केला. त्यांना काही कल्पनाच नव्हती आणि मला वाईट वाटले ते याचेच.

आता सवलतींविषयी, कारण या बाबतीत बराच गोंधळ आहे. 7 मीटरपेक्षा लहान बोटीला नांगरावर गोळा न दाखवण्याची मुभा आहे, पण अरुंद मार्ग, जहाजांची वाट, नांगरवाडा (बोटी नांगरून उभ्या राहतात ती जागा) किंवा इतर बोटींची नेहमीची ये-जा यांपासून ती दूर असेल तरच. मांडव्याच्या धक्क्याजवळ, जिथे गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट आणि लाँचेस दिवसभर ये-जा करतात, तिथे ही मुभा कुणाला लागू होईल? आमची बोट 24 फुटी, म्हणजे 7.3 मीटर, त्यामुळे आमच्यासाठी प्रश्नच नाही. शंकूची गोष्ट आणखी वेगळी. 12 मीटरपेक्षा लहान बोटीला शंकू लागत नाही, असे एका शिकाऊ मुलाने मला ठामपणे सांगितले. ती सवलत अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमात आहे. आपल्या समुद्रावर आंतरराष्ट्रीय नियम चालतो आणि त्यात लांबीची कसलीही सूट नाही.

खर्चाचे म्हणाल, तर आमचा गोळा आणि शंकू घरी धायरीत जेवणाच्या टेबलावर तयार झाले. बोहरी आळीतून काळ्या प्लास्टिकची जाड शीट आणली. नातीने कंपासने 30 सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळे काढली. दोन्हीला कडेपासून मध्यापर्यंत शीटच्या जाडीइतकी चीर दिली आणि एकमेकांत सरकवली. कुठूनही बघा, गोळाच दिसतो. काम झाले की सोडवायचा आणि गादीखाली सपाट ठेवायचा. शंकूला दोन त्रिकोण, एकाची चीर टोकाकडून, दुसऱ्याची पायाकडून. भोक पाडून वर एक आणि खाली एक दोरी बांधली, कारण खालची दोरी नसेल तर वाऱ्यात तो गरगर फिरतो. नियमातले माप 60 सेंटिमीटर आहे, पण 20 मीटरपेक्षा लहान बोटीला आपल्या आकारमानाला शोभेल इतके लहान माप चालते. दोन्ही मिळून दोनशे रुपयेही लागले नाहीत.

एक चूक मात्र कुणी करू नये. काही जण गोळा एकदा टांगतात आणि काढतच नाहीत. नांगर तळाला लागला की गोळा वर, नांगर सुटला की गोळा खाली, इंजिन बंद केले की शंकू खाली. कायम टांगलेल्या खुणेवर कुणीच विश्वास ठेवत नाही, मग खरी खूणही वाया जाते.

बोट चालवायला शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. गाठी शिकवता त्याच दिवशी हे दोन आकार मुलांच्या हातात द्या आणि त्यांच्याकडूनच वर चढवून घ्या. बोटींची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी लाइफ जॅकेट मोजताना गोळा आणि शंकू कुठे ठेवला आहे, तेही विचारावे. आणि आपण पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा शंकू लावलेल्या बोटीचा फोटो निवडावा. पुण्यातली पुष्कळ मुले समुद्रावरची बोट पहिल्यांदा पाहतात ती आपल्या पुरवणीतच.

दोन्ही आकारांचे कागदी नमुने मी काढून ठेवले आहेत, 30 आणि 45 सेंटिमीटर अशा दोन मापांत. कुणाला हवे असल्यास त्यांनी आपल्या कार्यालयाकडे तसे कळवावे, मी स्वतः आणून देईन. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, त्याआधी कळवले तर बरे.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक
धायरी, पुणे