सगळ्यात जुना लॅपटॉप आधी मागणाऱ्या मुलीस

प्रिय बाळ,

‘सर, माझं नाव कुठं टाकू नका’ असं तू जाताना बजावलंस, म्हणून टाकत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. संख्याशास्त्राच्या आपल्या वर्गाचं संगणकावरचं प्रात्यक्षिक महिनाभर अडून होतं. तुझ्या दोन रविवारांत ते सुरू झालं.

आधीची अवस्था तू पाहिलीसच. पैसे घेऊन ‘सगळं टाकून देतो’ म्हणणारा माणूस लॅबमध्ये येऊन गेला होता. त्यानं प्रत्येक मशीनवर ॲडमिनच्या लॉगिननं आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा, ती वापरायचा आरस्टुडिओ हा प्रोग्राम आणि आरची पॅकेजेस, म्हणजे जोडीची तयार साधनं टाकली, त्याच लॉगिननं एक आलेख काढून दाखवला आणि निघून गेला. मुलांनी आपल्या लॉगिननं उघडलं की समोर ‘देअर इज नो पॅकेज कॉल्ड जीजीप्लॉट2’, म्हणजे आलेख काढायचं पॅकेजच नाही. फोन केला तर म्हणाला, ‘तुमच्या पोरांनाच वापरता येत नाही.’ वाईट हे, की पोरांना ते खरं वाटलं. तू आल्या आल्या ‘लिबपाथ्स’ ही, आर पॅकेजेस कुठल्या फोल्डरांत शोधतं ते दाखवणारी, एकच आज्ञा दोन्ही लॉगिनमध्ये चालवलीस. आरची मुख्य लायब्ररी, म्हणजे पॅकेजेसचं फोल्डर, प्रोग्राम फाइल्समध्ये असते. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ न करता उघडलं तर तिथं लिहिता येत नाही, मग आर त्या खात्याच्या ॲपडेटा या स्वतःच्या फोल्डरमध्ये खासगी लायब्ररी करून देतं. सगळी पॅकेजेस तिथं, एकट्या ॲडमिनच्या घरात पडली होती. मुलांना ती दिसणार कुठून? दोन ओळींचं उत्तर पडद्यावर आलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘म्हणजे आपलं चुकलं नव्हतं.’ त्या वाक्यासाठी तुझे वेगळे आभार.

पण हे पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. लॅब झाल्यावर मुलांच्या स्वतःच्या लॅपटॉपची पाळी आली. चार जण चकचकीत मशीन घेऊन तुझ्यापुढं उभे होते. तू विचारलंस, ‘वर्गात सगळ्यात जुना लॅपटॉप कुणाचा? तो आधी आणा.’

मंद्रूपकडून एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं तो बॅगेतून बाहेरही काढला नव्हता. बिजागरी तुटलेली, झाकणाला रबर बांधलेलं, बॅटरी गेलेली, 4 जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. तू प्लगजवळ खुर्ची सरकवलीस, झाकण दोन बोटांनी धरून उघडलंस आणि तिला म्हणालीस, ‘ह्याच्यावर चाललं की सगळ्यांचं चालतं. आज तुझंच मशीन आपला नमुना.’ तिचा चेहरा मी पाहिला. आत्तापर्यंत जे मशीन लपवायचं होतं, त्याच्याभोवती अख्खा वर्ग उभा राहिला.

आणि तुझं म्हणणं खरं निघालं. वर्गातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या एका मशीनवर भेटल्या. विंडोजच्या खात्याला तिच्या भावानं देवनागरीत नाव दिलेलं, त्यामुळं यूजर फोल्डरचा पाथही देवनागरीत. आर 4.2 पासून विंडोजवर यूटीएफ-8, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत, चालते, तरी बरोबरची काही साधनं असल्या पाथवर अजून अडखळतात. तू सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचं फोल्डर केलंस आणि आरच्या ‘ईटीसी’मधल्या ‘आरएनव्हायरन डॉट साइट’ या सेटिंगच्या फाइलीत यूजर लायब्ररी तिकडं वळवलीस. जागा कमी होती म्हणून टायडीव्हर्स हा पॅकेजेसचा अख्खा संच न टाकता रीडआर, डीप्लायर आणि जीजीप्लॉट2 एवढंच. ‘सोर्समधून (म्हणजे मूळ कोडमधून) इन्स्टॉल करायचं का?’ असं आर विचारतं तेव्हा ‘नो’ म्हणायचं, हे तू तिला कारणासकट सांगितलंस: सोर्स कंपाइल करायला आरटूल्स लागतं, ते नसलं की काम अर्ध्यात मोडतं, आणि कधी ‘00लॉक’ नावाचं फोल्डर मागं राहून पुढचं इन्स्टॉलही अडवतं. ते आधी उडवावं लागतं. पडद्यावर लाल अक्षरं आली की मुलं हात काढून घेत होती. तू एकेक ओळ वाचून घेतलीस: सुरुवातीला ‘एरर’ असेल तर चूक, ‘वॉर्निंग’ असेल तर नीट वाचायचं, बाकी नुसता निरोप.

पेनड्राइव्हचं तर काय सांगू. कॉलेजचं नेट सगळ्यांनी एकदम वापरलं की बसतं, हे ओळखून तू घरूनच पॅकेजेसच्या सगळ्या झिप फाइली उतरवून आणल्यास. नुसती जीजीप्लॉट2 ची झिप आणली असती तर तिला लागणाऱ्या आरलँग, सीएलआय अशा एकेका पॅकेजच्या नावावर गाडी थांबली असती. ती ज्यांच्यावर अवलंबून आहे ती सगळी पॅकेजेस तू यादी काढून घेतलीस, आणि तीही आपल्या आरच्या मालिकेची, म्हणजे 4.3, 4.4 अशा आवृत्तीचीच, कारण 4.3 साठी बांधलेली झिप 4.4 ला भरवशाची नाही.

शेवटची तपासणीची फाइल मला फार आवडली. आपल्या जिल्ह्याचे 11 तालुके, देवनागरीत, पुढं एकेक आकडा. अक्कलकोटचा ‘क्क’ आणि उत्तर सोलापूरचा ‘त्त’ आलेखावर नीट जोडून आला की मशीन पास. फुटला तर अक्षरं नीट रेखाटणारं रॅग पॅकेज टाकून आरस्टुडिओच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये बॅकएंड (चित्र काढणारं यंत्रण) ‘एजीजी’ करायचा. एक्सेलमधून फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ म्हणूनच साठवायची. नुसत्या ‘सीएसव्ही’त पंढरपूरची प्रश्नचिन्हं होतात, हे मुलांनी स्वतः करून पाहिलं.

जाणकार माणसं पुष्कळ भेटतात. बहुतेक जण चांगल्या मशीनपासून सुरुवात करतात, तिथं काम लवकर होतं, टाळ्या मिळतात, आणि जुन्या मशीनवाल्याला ‘नवीन घ्या’ सांगून मोकळे होतात. टॉवेलच्या कारखान्यात आठवडाभर हिशोबाचे आकडे ओढून तू रविवारी आलीस, आणि त्या एका लॅपटॉपवर 40 मिनिटं बसलीस. हार्ड डिस्क घरघरत होती. तू घड्याळाकडं पाहिलं नाहीस. ‘हळू आहे, चुकत नाहीये,’ एवढंच मधूनमधून म्हणत होतीस. आपल्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी पोरं एका बाकावर बसतात. त्या वाक्यानं तिघांनाही सारखाच धीर आला.

ती मुलगी आता इतरांचे लॅपटॉप लावून देते. पेनड्राइव्ह तिच्याकडंच आहे. परीक्षा होईपर्यंत आरची आवृत्ती बदलायची नाही, असं तू सांगितलंस तसंच ठेवलंय. एप्रिलमध्ये नवी मालिका येईल तेव्हा झिपा पुन्हा उतरवाव्या लागतील. ते काम मुलं करतील म्हणतात. तू फक्त चहाला ये.

तुझे सर