माळ राखणाऱ्याला पैसे द्या, पण गवताचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरजवळच्या नान्नज-मार्डी भागातले खासगी गवताळ माळ जेसीबीखाली जाण्याआधी खातेदाराला गवत राखल्याचा मोबदला मिळायला हवा. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले तेव्हा त्याचे क्षेत्र होते ८४९६ चौरस किलोमीटर. गावे, शेते, सगळेच त्यात आले. पुढे ते १२२२ वर आणावे लागले. नुसत्या निर्बंधांनी माळ टिकत नाही.

कोस्टारिकात १९९६ च्या वनकायद्यानुसार खासगी मालकांना जंगल राखण्याचे पैसे इंधनकरातून मिळतात. आधी करार, मग पाहणी, मग हप्ता. ही पद्धत घ्यावी, पण मोजमाप झाडांचे नको. झाडांवर पैसे ठरले की माळावर रोपांसाठी खड्डे पडलेच म्हणून समजा. लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगांखाली पवन्या, मारवेल ही माळाची गवते तग धरत नाहीत. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते. तिला चहूकडे लांबवर दिसावे लागते.

म्हणून करारात नांगरट नाही, खड्डे नाहीत, जून ते ऑक्टोबर निम्म्या माळावर चराई नाही. बी झडल्यावर डिसेंबरात कापणी, उन्हाळ्याआधी वणवा अडवणारी जाळरेषा. तपासणीला एक मीटरची लोखंडी चौकट पुरते: पाच एकरांत दहा ठिकाणी टाकायची, आतले बारमाही गवताचे ठोंब मोजायचे, पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा. दर मुरमाड रानातल्या तूर-बाजरीच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा थोडा जास्त असावा, आणि पहिला पैसा मोडायला निघालेल्या माळाला जावा. जो खडक कुणी नांगरणारच नाही, त्यावर निधी संपवण्यात काय हशील?

घोडे अडेल ते सामाईक सातबाऱ्यावर. चार भावांतला एक पुण्यात, एक मुंबईत; एका सहीसाठी हंगाम जातो. गावजत्रेला सगळे येतात, संमतिपत्रे तेव्हाच घ्यावीत.

सर्वांत मोठी चूक मात्र मेंढपाळाला विसरण्याची होईल. माळ एकाचा, मेंढरे दुसऱ्याची. पैसे मालकाला आणि बंदी धनगराला, असे झाले तर कुंपण तुटणार, वैर वाढणार. पावसाळ्यातही निम्मा माळ आळीपाळीने चराईला खुला ठेवावा आणि बंद तुकड्याच्या राखणीचा ठरलेला वाटा मेंढपाळाच्या खात्यावर थेट जमा करावा. लांडगीण कुठे व्याली, वणवा कुठून आला, हे सगळ्यांत आधी त्यालाच कळते.

आपला,
एक वाचक, उत्तर सोलापूर