सुमे, मिरजेचा बोर्ड बदलतोय

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय सुमे,

फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच दुसरा विषय काढतेस आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. हे मला सलग सांगायचंय. घरात सांगितलं तर "दुसरं हॉटेल बघ की" म्हणून मोकळे झाले. तू तसं म्हणणार नाहीस.

मिरजेची आपली दार्जिलिंगवाली दीदी तिच्या हॉटेलाचा बोर्ड बदलतेय.

काल ऑफिस सुटल्यावर तशीच मिरजेला गेले, तर दाराशी शिडी लावून पेंटर उभा. 'थुकपा'वर (तिचं नूडल्सचं सूप) पांढरा रंग मारून झालेला, 'शाफाले'तलं (खिमा भरून तळलेली पोळी) नुसतं 'ले' उरलेलं. खाली खडूनं आखून ठेवलेलं: शेजवान मोमो, चीज मोमो, तंदुरी मोमो, ट्रिपल राईस, मंचुरियन. मला तिथंच रस्त्यावर कसंतरी झालं बघ. आत गेले तर दीदी नेहमीसारखी मोमो भरत बसलेली. डाव्या तळव्यावर पारी, अंगठ्यानं सारण आत दाबून धरलेलं, उजव्या हाताच्या दोन बोटांनी मोदकासारख्या कळ्या पाडत जायची आणि शेवटची कळी पहिलीत अडकवायची. हातांकडे बघतसुद्धा नव्हती. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "मॅडम, थुकपा किसको माँगता है इधर? सब शेजवान बोलता है."

खरं आहे तिचं. दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या नर्सिंगच्या पोरी होत्या ना, दिवाळीत आपल्या शेजारच्या बाकावर बसून गुंड्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, सूप भुरकत होत्या त्या, त्यांचं शिक्षण संपलं आणि बहुतेक जणी गेल्या. नव्या तुकडीत तिकडच्या मुली फार थोड्या. म्हणजे दीदीचं रोजचं गिऱ्हाईकच उठून गेलं. आपल्याकडचे लोक येतात, मेनू वाचतात, "मंचुरियन नाही?" विचारतात आणि जातात. दुकानाचं भाडं कुणासाठी थांबतंय होय?

आता तू म्हणशील, मंचुरियनला नावं ठेवू नकोस. ठेवत नाही गं. विलिंग्डन कॉलेजच्या दिवसांत महिनाअखेरीला आपण एक हाफ राईस दोघींत खाल्लाय, त्या गाडीचे उपकार मी विसरलेली नाही. आणि मंचुरियन हा तर आपलाच पदार्थ. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात तो केला. आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपली फोडणी घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरनं दाटपणा आणला. चिनी वंशाच्या माणसानं इथल्या जिभेला ओळखून केलेला पदार्थ आहे तो, आणि चांगल्या हातचा असला तर मी आजही आवडीनं खाते. पण तो सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर मिळतो, स्टँडजवळ मिळतो, मिरजेत स्टेशनबाहेर मिळतो. दीदीच्या हातचा थुकपा दुसरीकडे कुठं मिळतो? कोल्हापुरातसुद्धा मी बघितलाय, नाही मिळत.

आणि ती चटणी. शेजवान म्हणून जी लाल चटणी सगळीकडे विकतात तिच्यात, जिथून ते नाव आलं त्या चीनच्या सिचुआन प्रांताची मिरी औषधालाही नसते, नुसती मिरची, लसूण आणि व्हिनेगर. दीदीच्या चटणीत टिमूर असतो. तू पहिला घास घेतलास, जीभ झिणझिणली आणि अख्ख्या हॉटेलात ओरडलीस, "अगं, हे तर आईच्या बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ!" पोरी हसायला लागल्या होत्या. तुझं बरोबरच होतं. टिमूर, तिरफळ आणि ती सिचुआनची मिरी ही सगळी एकाच घराण्यातली झाडं. मालवणात वाढलेल्या बाईला दार्जिलिंगच्या बाईची चटणी पहिल्या घासात ओळखू येते, ते दोघींच्या मधल्या मिरजेत घडतं, आणि तेच ठिकाण आता पांढऱ्या रंगाखाली चाललंय. म्हणून तुला लिहितेय.

ही जागा सापडली कशी, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. आपल्या कॉलनीच्या कोपऱ्यावर जी चायनीजची गाडी लागते, तिथला पोरगा नेपाळचा. दिवसभर कढई परततो. एकदा पार्सलची वाट बघत उभी होते, तेव्हा विचारलं, "सुट्टीच्या दिवशी तू कुठं जेवतोस?" तो इतका खुलला! भट्टी बारीक केली आणि म्हणाला, मिरजेला दीदीकडे. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, बाहेरच्या पाटीवरून काही कळलं नाही तरी आत जा. मी दुसऱ्याच दिवशी गेले. तेव्हापासून कुठल्याही गावात हाच प्रश्न विचारते. परक्या मुलखाचं जेवण रांधणारा माणूस स्वतः कुठं जेवतो, हे विचारावं. तो खोटं सांगत नाही.

तुझं आणि माझं भांडण इथंच आहे. तू फोन उघडून तारे मोजतेस. आपल्याकडे तारे कोण देतं? एसी गार होता, पार्किंग होतं, पोरांना खेळायला जागा होती, म्हणून पाच तारे. थुकप्याला "फिकं पाणी, तिखट नाही" म्हणून एक तारा. दीदीच्या नावावर असले दोन शेरे आहेत, आणि ते वाचून लोक दारातूनच परत फिरतात. हाडं तासन्तास उकळून केलेल्या सुपाला पाणी म्हणायचं! मला ताऱ्यांवर विश्वास नाही, ताटावर बसलेल्या माणसांवर आहे. बँकॉकला आठव. टूरवाल्यांनी सोबत महाराज आणलेले, तिन्ही त्रिकाळ पुरी-भाजी आणि श्रीखंड, आणि बाहेर रस्ताभर लसूण परतल्याचा वास. पैसे भरून परदेशी नेलं आणि तिथलं काही तोंडात पडू दिलं नाही याचा मला आजही संताप आहे. तू फोनवर शोधत बसलीस, मी नारिंगी जाकिटं घातलेले मोटारसायकल-टॅक्सीवाले जिथं बाकावर जेवत होते तिथं तुला ओढत नेलं आणि एकाच्या ताटाकडे बोट दाखवलं. भात, वर परतलेला खिमा, कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. पहिल्या घासाला तू थांबलीस आणि म्हणालीस, "तुळस?" तुळसच होती, आपल्या वृंदावनातलीच जात, मूठभर टाकलेली. क्रापाओ त्याचंच नाव. आमच्या आत्याबाईंना हे आजवर सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

सिंगापूरचं मात्र तुझं श्रेय तुला देते, ते हॉकर सेंटर तू शोधलंस. (टेबलावरचं टिश्यूचं पाकीट कुणीतरी विसरलंय म्हणून उचलायला निघाली होतीस. पाकीट ठेवलं की जागा धरली, हा तिथला रिवाज! बसमध्ये रुमाल टाकणाऱ्या सांगलीकरणीला एवढं कळू नये?) ते मला दीदीच्या निमित्तानं सारखं आठवतंय. सिंगापूर सरकारनं सत्तरच्या दशकात रस्त्यावरच्या गाडीवाल्यांना बांधीव जागा, नळ, गटार करून दिलं. एका ओट्यावर एकच पदार्थ, कुणी फक्त चिकन राईस, कुणी फक्त फिशबॉलचे नूडल्स, आयुष्यभर तेवढंच. २०२० मध्ये युनेस्कोनं तिथल्या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. एकच पदार्थ करणाऱ्याला पोट भरता येईल अशी जागा मिळाली, म्हणून तो पदार्थ टिकला. दीदीला मिरजेत अशी जागा कोण देणार? तिला पूर्ण गाळ्याचं भाडं भरायचंय, मग ती बोर्डावर पन्नास पदार्थ लिहिणारच.

रात्री झोप लागली नाही. कलकत्त्यातला चिनी लोकांचा टिरेटा बाजार डोळ्यांसमोर येत होता. रविवारी पहाटे पोद्दार कोर्टापाशी मांडामांड, वाफेच्या टोपल्या, बाव (सारण भरलेले वाफवलेले पाव), फिशबॉलचं सूप, आणि ऊन वर येईतो सगळं आवरलेलं. तू लॉजवर झोपून राहिलीस म्हणून आपण पोचलो तेव्हा निम्म्या टोपल्या रिकाम्या होत्या, हा राग माझा गेलेला नाही, जाणारही नाही. पण उरलंसुरलं खाताना तो म्हातारा काय म्हणाला होता आठवतंय? आधी खूप दुकानं लागायची, आता माणसंच राहिली नाहीत. बासष्टच्या युद्धात बंगालातल्या, आसामातल्या चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत नेऊन ठेवलं. सुटल्यावर कितीतरी जण देश सोडून गेले, पुढं कॅनडाकडे जाणं चालूच राहिलं. खाणारी माणसं गेली आणि मागोमाग टोपल्या गेल्या. मिरजेत तर कुणी कुणाला हाकललेलंही नाही, एक तुकडी पास झाली एवढंच, तरी तेच होतंय.

उलटंही होतं. रांजणगावला एलजीचा कारखाना आला, कोरियन माणसं आली, म्हणून तुमच्या पुण्यात खरं कोरियन जेवण मिळायला लागलं. तिबेटी वसाहत आहे म्हणून मुंडगोडला थुकपा मिळतो, हुबळीच्या पुढं भाताच्या शेतांमध्ये! माणसं आहेत तिथं जेवण आहे. मग मी पहाटे उठून कागद घेतला आणि दीदीचं खाणारी माणसं या परिसरात कोण कोण आहेत ते लिहून काढलं. चायनीजच्या गाड्यांवरची नेपाळी पोरं, ती सकाळी मोकळी असतात. बंगल्यांवरचे, सोसायट्यांचे नेपाळी वॉचमन, ते रात्रपाळी करून सुटतात. राहिलेल्या नर्सेस, त्यांचीही रात्रपाळी सकाळी सुटते. थंडीत स्वेटर विकायला येणारे तिबेटी, ते दुपारपर्यंत निवांत. सगळ्यांची सवड सकाळची! आणि दीदी दुकान उघडते दुपारी.

म्हणून आज पुन्हा गेले आणि तिला म्हटलं, आठवडाभर खुशाल शेजवान कर, मंचुरियन कर, मी येऊन खाईन. पण रविवारी सकाळी फक्त तुझं घरचं कर. थुकपा, टिंगमो (वाफवलेला पाव), शाफाले, गुंड्रुक. मेनू नाही, ट्रिपल राईस नाही, संपलं की शटर खाली. ती हात पुसत बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, घरी आईकडे रविवारी असंच असायचं. पण हाडं, मैदा, गॅस, इतक्या सकाळी भांडी घासायला बाई, याचा हिशेब तिला बसेना. मलाही बसेना. पेंटरला तेवढं सांगून आले की खालची फूटभर पट्टी कोरी ठेव. तो कुरकुरला, पण ठेवली.

हिशेबाचं काम तुझं. तू इतकी वर्षं डबे चालवलेस. किती वाट्या गेल्या तर सकाळ अंगावर येणार नाही? पहिले काही रविवार पैसे आधी घेऊन नावं लिहावीत का? मला वाटतं घ्यावेत, पण रात्रपाळीवाल्याला "आधी पैसे दे" म्हणणं बरं दिसतं का, ते तू सांग. आणि हाफ ठेवायचा की नाही? माझं मत, ठेवायचा. एकट्या पोरीला पूर्ण वाडगा जड जातो आणि मग ती येतच नाही.

बाकी आमच्याकडे सगळं ठीक. गुडघा आहे तसाच, गोळ्या चालू. ह्यांचं बीपी जागेवर आहे. पाऊस झाला की आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत बसायचं, ते आता अंगवळणीच पडलंय.

तुझ्या सूनबाईंची बातमी कळली, फार आनंद झाला. जपून असू दे. जावयाची बदली रद्द झाली का? नवा फ्लॅट घ्यायचा तर लिफ्ट बघून घे, एवढंच सांगते. सविस्तर पुढच्या पत्रात.

हिशेब बुधवारपर्यंत कळव. आणि मालवणला जाणार असशील तर आईंकडून ओंजळभर तिरफळ आण, नवं असेल तर उत्तम. दीदीचा टिमूर गावाकडून कुणी आलं तरच येतो आणि डबा तळाला गेलाय. तिरफळावर तिची चटणी जमते का ते एकदा वाटून बघू म्हणतेय. बिया काढून टाक, नुसत्या साली पाठव.

तुझी,
मंगी