पोरीला बोबा पाजायचाय ना, मग हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, निम्मा वेळ मागे ट्रॅक्टर वाजत होता पण मुद्दा कळला. डिसेंबरात तुम्ही सगळे येताय, वहिनींना गिरगावात मावशींकडे जायचंय, तुला आपली कॉलेजची जुनी हॉटेलं फिरायचीत, आणि पोरीची एकच अट, मुंबईत बोबा टी पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि तू मला विचारतोयस की हे नक्की काय प्रकरण आहे आणि कुठे न्यायचं. लेका, बरोबर माणसाला विचारलंस, कारण माझी भाची कॉलेजला गेल्यापासून मला शनिवारी याच्याशिवाय दुसरा उद्योग नाही. ती मेनू वाचते, मी कार्ड काढतो.

तर पहिलं म्हणजे याला चहा म्हणून पिऊ नकोस, डोकं फिरेल तुझं. असतो चहाच, आसामची काळी पत्ती नाहीतर जास्मिन ग्रीन टी नाहीतर उलाँग, पण तो आधी काढून गार करून ठेवलेला, मग त्यात दूध, पाक, बर्फ, सगळं शेकरमध्ये घालून खडखड हलवायचं आणि ग्लासात तळाला ते काळे गोळे, त्यांना पर्ल्स म्हणायचं. ग्लासाला नेहमीचं झाकण नसतं, मशीनने वर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवून देतात आणि जाडजूड स्ट्रॉ एका फटक्यात त्यातून आरपार घालायची. हळूहळू दाबत बसलास तर चहा शर्टावर. काउंटरवरची मुलगी विचारते साखर किती, २५ की ५० की ७५ की १००, आणि बर्फ किती. तुम्ही कोल्हापूरकर तिखट खाणारे असलात तरी गोडाला कमी नाही हे माहितीय मला, तरी ऐक, ५० च्या वर जाऊ नकोस. पर्ल्स स्वतःच पाकात मुरलेले असतात. १०० टक्के घेतलास तर घोटभर पिऊन तू तो पोरीच्या हातात देशील, पोरगी वहिनींच्या, आणि शेवटी तो माझ्याकडे येईल.

आमच्या आईला फोटो दाखवला तर तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, हा तर साबुदाणा, काळा केलेला. मी हसलो पण बरोबर आहे रे तिचं. दोन्ही टॅपिओकाच्या स्टार्चचे, म्हणजे कसावा नावाचा कंद असतो त्याचे. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर इकडे आला, आणि आपण जो साबुदाणा खातो तो बहुतेक तामिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो. म्हणजे आपल्या उपासाची सगळी मदार एका परदेशी कंदावर. आईचा पुढचा प्रश्न तर जबरदस्त होता, मग संकष्टीला चालेल का? चहा चालतो, दूध चालतं, साखर चालते, साबुदाणा चालतो. मी गप्पच झालो. भाचीने मात्र निकाल लावून टाकला, चालतो.

आणि निकालावरून आठवलं, तैवानमध्ये या बोब्यावरून खरोखरची कोर्टबाजी झालीय. ताइचुंग शहरातलं चुन शुई तांग म्हणतं आम्ही काढला, ताइनानचं हानलिन म्हणतं आम्ही, गोष्ट १९८० च्या दशकातली. दहाएक वर्षं खटला चालला आणि २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की बाबांनो याचं पेटंट नाहीये, कोणीही बनवू शकतो, तेव्हा पहिला कोण हे ठरवायची गरजच नाही. आपल्याकडे बघ, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ साली वडापाव सुरू केला असं सगळे सांगतात आणि वडापाववाले एकमेकांना कोर्टात न खेचता सुखाने गाड्या लावतात.

आता मुद्द्याचं, पोरीला कोल्हापुरातला बोबा फेक का वाटला. तू म्हणालास ना की तिकडे जो मिळाला त्यातले गोळे आतून टणक होते. ते पर्ल्स शिळे होते, दुसरं काही नाही. मला हे एका दुकानातल्या पोराने समजावलं, दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, मग तो बोलायला मोकळा. पर्ल्स अर्धाएक तास उकळायचे, मग गॅस बंद करून झाकण ठेवून तसेच मुरू द्यायचे, मग ब्राऊन शुगरच्या पाकात टाकायचे. आणि तिथून तीन-चार तास. त्याच्या पुढे ते बाहेरून गिळगिळीत आणि आतून कडक व्हायला लागतात, आणि फ्रीजमध्ये ठेवले तर आणखी लवकर, कारण शिजलेला स्टार्च गार पडला की आवळतो, सकाळची साबुदाण्याची खिचडी संध्याकाळी कशी दगड होते तसंच. चांगलं दुकान उरलेले फेकून देतं आणि नवीन घाणा लावतं, वाईट दुकान गरम पाण्यातून काढून परत तुलाच देतं. मी पश्चिम उपनगरातल्या एका मॉलमध्ये रात्री साडेनवाला घेतला होता, दुकान आवरायच्या बेतात, तर तो चावता चावता माझी दाढ दुखायला लागली आणि बिल झालं पावणेतीनशे. म्हणून सरळ विचारायचं, पर्ल्स कधी उकडले? लाजायचं नाही. बाजारात मासळी घेताना आपण कल्ले उघडून बघतो की नाही?

दुसरा प्रश्न विचारायचा, दूध की पावडर. बऱ्याच ठिकाणी मिल्क टीमध्ये दूध नसतंच, क्रीमरची पावडर असते. ती वाईटच असं नाही, तैवानमध्येही जुन्या पद्धतीत वापरतात, पण तोंडात एक तेलकट थर राहतो आणि चहाची चव मरते. पोरगी तारो मागेल, रंग जांभळा असतो ना, फोटो छान येतो. तारो म्हणजे अळकुडी रे, आपली अळूची. पण बहुतेक दुकानांत खरी अळकुडी नसते, जांभळी पावडरच असते, चव बिस्किटासारखी. तिला घेऊ दे. तू मात्र साधा ब्राऊन शुगर विथ फ्रेश मिल्क घे, किंवा चहाची चव पाहिजे असेल तर नुसता आसाम मिल्क टी, ५० टक्के साखर, कमी बर्फ. भाची म्हणते मी म्हाताऱ्यांची ऑर्डर देतो.

आणि धाकट्याला पर्ल्स देऊ नकोस हां, हे सिरियसली सांगतोय. जाड स्ट्रॉ जोरात ओढली की गोळा थेट घशात जातो आणि चार वर्षांच्या पोराला ते जमत नाही. त्याला हवं तर पॉपिंग बोबा चमच्याने दे, ते दातात फुटतात आणि आत ज्यूस असतो. त्यांची कातडी समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटची असते, कॅल्शियमच्या पाण्यात थेंब सोडला की वरून गोठते. पोरीला सांग, तिच्या सायन्सच्या बाईंना विचारायला एक प्रश्न मिळाला.

पण माझी खरी तक्रार चवीची नाहीये. तक्रार बसण्याची आहे. २०० ते ३५० रुपये घेतात, बांद्रा घे, पवई घे, लोअर परळ घे, आणि बसायला काय, भिंतीला टेकवलेली दोन उंच स्टुलं, पाय लोंबकळत. त्यावर कोण गप्पा मारणार? ग्लास हातात दिला की त्यांचं काम संपलं. आपण रुईयात असताना पैसे नव्हते पण बसायला जागा होती, कटिंग मारून तासन् तास नाक्यावर. मग मी त्या दुकानांना जरा शिव्या देत होतो पण हळूहळू लक्षात आलं की तो प्रकार बसून प्यायचा नाहीच आहे मुळात, म्हणून तर वरून सील करतात. तो घेऊन चालायला लागायचं. त्यामुळे माझं आता ठरलंय, बोबा प्यायचा तर बांद्र्यातच, दुकानातून उचलायचा आणि कार्टर रोडला जाऊन समुद्राकडे तोंड करून कट्ट्यावर बसायचं. जागा फुकट, वारा फुकट. पवईत दुकान चांगलं आहे एक, चव बांद्र्यापेक्षा भारी, पण घेऊन जाणार कुठे, रिक्षाच्या लाइनीत?

बसून काही खायचं असेल तर मग जुन्या हॉटेलांना तोड नाही, आणि तिथेही दोन तऱ्हा आहेत हे तू विसरला असशील. माटुंग्याची हॉटेलं चवीला एक नंबर पण तिथे गप्पा नाहीत. कॅफे मद्रासला रविवारी सकाळी गेलास तर फुटपाथवर नाव लिहून उभं राहायचं, आत गेलास की अनोळखी माणसांबरोबर टेबल शेअर करायचं, रसम वडा खायचा, फिल्टर कॉफी प्यायची आणि उठायचं, कारण पुढचा माणूस तुझ्या खुर्चीमागेच उभा असतो. सोमवारी बंद असतं ते, लक्षात ठेव. राम आश्रय माटुंगा स्टेशनच्या अगदी तोंडाशी, १९३९ पासूनचं, पहाटेपासून चालू, तिथला अननसाचा शिरा वहिनींना दे आणि मग मला सांग. कुलर कंपनी किंग्ज सर्कलला अजून आहे, तिथे आपण रेसलर ऑम्लेट मागवायचो ना, कित्येक अंड्यांचं, आणि चौघांत एक.

कयानी या इराणी हॉटेलात मात्र निवांत जायचं. मेट्रो सिनेमासमोर, १९०४ सालचं, त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकड्याचे टेबलक्लॉथ, काउंटरवर मावा केक. बन मस्का चहात बुडवायचा, वर लोणी तरंगतं, भाचीने बघून नाक मुरडलं आणि मग माझाच संपवला. खिमा पाव पण घे. वहिनी गिरगावात असतील तेव्हा आपण दोघं तिथे बसू, मरीन लाइन्सहून चालतच. मावा केक फक्त मेरवान इराण्याचा असं म्हणणारे आहेत, मी पण त्यातलाच, पण त्यासाठी ग्रँट रोडला सकाळी सकाळी जावं लागतं, उशीर केलास तर ट्रे रिकामा.

आणि पोरीला क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या बादशाहला नक्की ने, १९०५ पासूनचं. फालुदा दाखव. दूध, गुलाबाचं सिरप, खाली सब्जा, स्टार्चची शेव, वर आइसक्रीम. तळाशी चावायचं काहीतरी आणि वर गोड दूध, हे मुंबई शंभर वर्षांपासून पितेय, फक्त त्याची रील कोणी काढली नव्हती. मला विचारशील तर बोब्यापेक्षा मला फालुदाच आवडतो, पण हे तिच्यासमोर बोलायचं नाही, आपण बाप-काका लोक बोललो की तिला तो आवडणारच नाही.

दादरला आस्वादची मिसळ. हो हो, माहितीय तू काय म्हणणार, कोल्हापूरच्या माणसाला दादरची मिसळ. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब अवॉर्डमध्ये तिला जगातली बेस्ट व्हेज डिश म्हणून निवडली होती, तेव्हाही तू फोन करून दहा मिनिटं हसला होतास. ती सौम्य आहे, कट तुझ्यासारखा लालभडक नाही, पण धाकट्याला खाता येईल. तुझ्यासाठी प्रकाश हॉटेलचा साबुदाणा वडा आणि पीयूष, त्यावर वाद नको.

तर प्लॅन असा. महालक्ष्मी एक्सप्रेसने या, सकाळी दादरला उतराल, तिथून सायनला आमच्याकडे सामान टाका, आंघोळी करा, नाश्ता घरी नाही, राम आश्रयला. मग गिरगाव. आता भुयारी मेट्रो दादरवरून थेट गिरगावला जाते, २०२५ च्या ऑक्टोबरपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झालीय, पोरं खूश होतील आणि वहिनींना लोकलमध्ये लटकावं लागणार नाही. दुपारी कयानी. चारच्या सुमारास बांद्रा, कारण संध्याकाळच्या गर्दीसाठी तेव्हा पर्ल्सचा ताजा घाणा उकडलेला असतो, मी विचारून ठेवलंय. रविवार टाळा, मेगाब्लॉक असतो आणि कार्टर रोडला कट्टा मिळत नाही.

पैशाचं आताच बोलून ठेवतो, म्हणजे काउंटरवर झोंबाझोंबी नको. कयानी, राम आश्रय, आस्वाद सगळं माझ्याकडे, तू पाकीट काढायचं नाही. बोब्याचं बिल तुझं, पाच जणांचं. भाची पण येतेय आणि ती एक्स्ट्रा पर्ल्स घेते.

तुझाच,
सायनवाला