खड्ड्यांबद्दल आभार

प्रिय ताई,

खड्ड्यांबद्दल कुणी कुणाचे आभार मानल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांवरून माणसं तक्रार करतात, भांडतात, फार तर विनोद करतात. पण तुम्ही नव्यानं आखून दिलेल्या आमच्या गल्लीचं काम पुरं झालं त्या दिवशी झाडांचं कौतुक झालं, बाकांचं झालं, रंगवलेल्या भिंतीचंही झालं, आणि ज्या गोष्टीसाठी तुम्ही सगळ्यात जास्त भांडलात तिचा एकाही भाषणात उल्लेख आला नाही. कसा येणार? ती जमिनीखाली, झाडांच्या मुळांशी आहे, दिसतच नाही. म्हणून हे पत्र.

नाव लिहीत नाही. कोनशिलेवर तुमचं नाव घालायचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ‘दगड लावायचाच असेल तर बसण्याजोगा लावा.’ तो दगड लागला. त्यावर लोक बसतात.

पहिल्या बैठकीला आम्ही तयारीत आलो होतो. कारंजं, कमान, मधोमध फुलांचे वाफे, कडेनं दिव्यांचे खांब. आमच्यातल्या एकानं तर रंगीत चित्रच काढून आणलं होतं. तुम्ही ते नीट पाहिलं, घडी करून परत दिलं आणि माझ्या हातात एक कोरी वही ठेवलीत. ‘आठवडाभर नुसतं बघा. काय हवंय ते नंतर सांगा.’ खरं सांगू? मला राग आला होता. वीस वर्षं ज्या गल्लीत राहतेय ती मला बघायला सांगणाऱ्या तुम्ही कोण!

मग बघायला लागले, आणि वीस वर्षांत न दिसलेलं दिसायला लागलं. दुपारी चारच्या सुमाराला सगळी माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जात होती, कारण तिकडच्या भिंतीची हातभर सावली पडायची. मुलं खेळायची ती मोकळ्या जागेत नाही, तर दोन उभ्या गाड्यांच्या फटीत, कारण तिथं भरधाव गाडी घुसू शकत नव्हती. आणि समोरच्या आजी. कोपऱ्यापासून त्यांच्या फाटकापर्यंत त्या तीनदा थांबायच्या. दरवेळी कुठल्या तरी गाडीच्या बॉनेटवर हात टेकून, इकडेतिकडे बघत, आपण दमलोय हे कुणाला कळू नये अशा बेतानं. मी ते वहीत लिहिलं आणि विसरून गेले. तुम्ही विसरला नाहीत. आज त्या तीन जागांवर तीन बाक आहेत. तिन्हींना पाठ आहे आणि हातही आहेत. म्हातारं माणूस बसतं कसंही, पण उठताना त्याला रेटा द्यायला काहीतरी लागतं, हे आमच्या कारंजाच्या चित्रात कुठं होतं?

दुसऱ्या बैठकीत तुम्ही नगररचनेचे अभ्यासक डोनल्ड ॲपलयार्ड यांच्याबद्दल सांगितलंत. १९६९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या साधारण सारख्याच तीन रस्त्यांवरच्या लोकांना विचारलं होतं, इथं तुमचे मित्र किती, ओळखीचे किती. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते; जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. खोलीत शांतता पसरली, कारण आम्ही सगळेच मनातल्या मनात मोजत होतो. मागच्या रांगेतल्या एकानं पुढं त्यांचं काय झालं म्हणून विचारलं, आणि तुम्ही जरा थांबून सांगितलंत, की १९८२ मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव गाडीनं त्यांचा जीव घेतला. त्यानंतर कारंजाचा विषय कुणी काढला नाही.

रस्ता अरुंद करायचा म्हटल्यावर मात्र ठिणगी पडली. ‘आधीच जागा नाही, त्यात आणखी अरुंद?’ हा प्रश्न मीच विचारला होता, हे इथं कबूल करते. तुमचं म्हणणं साधं होतं. गाडी चालवणारा पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो. सरळ, रुंद, मोकळा रस्ता म्हणजे त्याला ‘दाब ॲक्सिलरेटर’ असंच लिहिलेलं दिसतं. तोच रस्ता थोडा वळवला, झाडं पुढं आणली, की पाय आपोआप ब्रेकवर जातो. आणि वेगाचं गणित सरळ बेरजेचं नाही, धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटरनं येणाऱ्या त्याच गाडीत धडकेची ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त असते. तुम्ही हे फळ्यावर मांडून दाखवलंत तेव्हा शाळेत संख्यांचे वर्ग करताना आलेला कंटाळा आठवून मला स्वतःची लाज वाटली.

डेल्फ्टचं उदाहरण तेव्हाच निघालं. नेदरलँड्समधल्या त्या गावात १९६०च्या दशकाच्या अखेरीला घरांमधले रस्ते असे बदलायला सुरुवात झाली, की गाडीला पाहुण्यासारखं, चालत्या माणसाच्या वेगानं यावं लागेल. १९७६ मध्ये त्या देशानं त्याला कायद्यात जागा दिली. त्या रस्त्याला ते ‘वोनएर्फ’ म्हणतात. त्यातला ‘एर्फ’ म्हणजे आपलं अंगण, हे तुम्ही सांगितलंत आणि पुढची अर्धी लढाई त्या एका शब्दानंच जिंकली. ‘पुनर्रचना’ म्हटलं की लोक घाबरत होते. अंगण म्हटल्यावर प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवलं.

तरी तुम्ही घाईनं पहार लावू दिली नाहीत. आधी खडू, रंग, दोऱ्या आणि कुंड्या. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्येही २००९ मध्ये आधी गाड्या बंद करून घडीच्या खुर्च्याच मांडल्या होत्या, पक्कं बांधकाम मागाहून झालं, असं म्हणालात. आम्ही महिनाभर कुंड्यांच्या रस्त्यात राहिलो. आणि मग तो रविवार! अग्निशमन दलाची खरी गाडी बोलावून तुम्ही ती आमच्या गल्लीतून नेऊन दाखवायला सांगितलीत. तोवर बैठकीत ‘उद्या आग लागली तर?’ हा हुकमी एक्का होता. गाडी आली, पहिलं वळण घेतलं, दुसऱ्यावर अडली. चालक खाली उतरला, एका कुंडीला बुटानं टोचून म्हणाला, ‘ही एवढी हलवा.’ आम्ही चौघांनी ती दोन हात मागे सरकवली आणि गाडी निघून गेली. आजही ते वळण बरोबर तिथंच आहे, कुंडीनं ठरवलेलं.

आता खड्ड्यांकडे येते.

पैसे कमी पडले तेव्हा समितीनं सोपा मार्ग काढला: जमिनीखालचा खर्च कापा आणि उरलेल्या पैशात मोठी, तयार झाडं आणा. लगेच सावली, लगेच फोटो. मीसुद्धा हात वर केला होता. तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला रस्त्यावर बोलावलंत, फरसबंदी उचललेल्या जागी एक सळई माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘घाला आत.’ मी सगळं वजन टाकलं. बोटभर गेली नाही. मग तिथं खणलेल्या खड्ड्यात तुम्ही दोन बादल्या पाणी ओतलंत आणि निघून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर पाणी तसंच. वर एक मच्छर.

‘यात तुम्ही स्वतः राहाल का?’ एवढंच विचारलंत.

रस्त्याखालची माती रोलरनं ठोकून ठोकून दगड केलेली असते, कारण वरून गाड्या जायच्या असतात. त्या मातीत हवा नाही, पाण्याला वाट नाही. झाडाच्या बहुतेक मुळ्या खोल पाताळात जात नाहीत. वरच्या हात-दीड हात मातीत त्या आडव्या पसरतात, फांद्यांच्या घेराबाहेरसुद्धा. चौकोनी खड्ड्यात लावलेलं झाड म्हणजे कुंडीतलंच झाड, फक्त कुंडी दिसत नाही. काही वर्षं ते बरं दिसतं, मग खुंटतं. किंवा मुळ्या हवेच्या शोधात फरशीखालच्या फटीत शिरतात आणि फरशी उचलतात. मग आपण म्हणतो, झाडानं रस्ता बिघडवला.

तुम्ही सुचवलेला उपाय ऐकून कंत्राटदार हसला होता. सुटे खड्डे नकोत, सगळ्या झाडांना जोडणारा एकच लांब चर. त्यात एकसारख्या मोठ्या, धारदार कडांची खडी आणि तिच्यात मिसळलेली थोडी माती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९०च्या दशकात हे मिश्रण तयार झालं. दगड एकमेकांत अडकून वरचं वजन पेलतात आणि मधल्या पोकळ्यांत माती, हवा, पाणी आणि मुळ्या सुखानं राहतात. चर भरून त्यावर रोलर फिरला तेव्हा माझा जीव वरखाली होत होता, पुन्हा तेच ठोकणं म्हणून. तुम्ही शांत उभ्या होतात. ‘दबतील ते दगड. मधली माती नाही.’

आणि मग झाडं आली. अंगठ्याएवढ्या खोडाची रोपं. ‘काड्या लावल्यात की झाडं?’ हे मी किती जणांकडून ऐकलं म्हणून सांगू. तुम्ही मात्र लहान रोप नव्या जागी लवकर रुजतं, या म्हणण्यावर ठाम होतात. लावण्याच्या दिवशी तुम्ही गुडघे टेकून प्रत्येक रोपाच्या मातीच्या गोळ्यावरून बोटांनी माती खरवडत होतात. खोड जिथं पसरट होऊन मुळ्या सुरू होतात ती जागा सापडेपर्यंत. ती जागा जमिनीच्या वरच राहिली पाहिजे, गाडली गेली तर खोड कुजतं. पिशवीत गोल गोल फिरलेल्या मुळ्या तुम्ही कात्रीनं सरळ कापल्यात, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं डोळे मिटून घेतले.

सगळं चांगलंच झालं असं लिहिलं तर तुम्हीच रागवाल. दोन रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली, कारण पाणी घालायची पाळी ज्यांची होती त्यांनी ती एकमेकांवर ढकलली. मधल्या बाकावर संध्याकाळपर्यंत ऊन येतं, झाड मोठं होईतो येणारच. पावसाचं पाणी आळ्यांत यावं म्हणून कडेच्या दगडांत ठेवलेल्या खाचा पाल्यानं तुंबतात आणि त्या साफ कुणी करायच्या यावर अजून दर महिन्याला वाद होतो. गाडी लावायच्या काही जागा गेल्या, त्याबद्दल एक घर आमच्याशी अजून बोलत नाही. त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. त्यांना खरंच लांबून चालत यावं लागतं.

पण आजी आता गाडीच्या बॉनेटवर हात टेकत नाहीत. त्या पहिल्या बाकावर बसतात, मग दुसऱ्यावर, आणि दुसऱ्यावर इतका वेळ रमतात की तिसऱ्याची गरज पडायला संध्याकाळ होते. त्यांच्याशी मी वीस वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं या तीन वर्षांत बोलले.

आधाराच्या काठ्या तुम्ही सांगितल्याप्रमाणे वर्षभरानं काढल्या. कोपऱ्यावरचं झाड किंचित रस्त्याकडे कललंय. काही करायला हवं का, तेवढं कळवा.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली, वहीवाली

ता. क. तुमची सळई माझ्याकडेच राहिली आहे. परवा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या बाकामागच्या वाफ्यात सहज टेकवून बघितली. हातभर आत गेली, आणि बाहेर काढताना मलाच जोर लावावा लागला.