हॉर्सपॉवरच्या आकड्याशेजारी लॅम्डाचा आलेखही छापा

मा. संपादक,

दुचाकीचा सायलेन्सर बदलला, फिल्टर बदलला, 'पिगीबॅक' (इंजिनच्या संगणकाला जोडायची, इंधन कमीजास्त करणारी पेटी) बसवला आणि इतके हॉर्सपॉवर वाढले, असा मजकूर वाहनांच्या पानांवर वरचेवर वाचायला मिळतो. आकडा ठळक असतो. तो हवा-पेट्रोलच्या कोणत्या मिश्रणावर, हवामानाचा फरक काढून टाकणाऱ्या कोणत्या करेक्शनने मोजला याचा पत्ता नसतो. डायनोवरची (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरची) तीच धाव 'एसटीडी' करेक्शनने छापली तर 'एसएई जे१३४९'पेक्षा साधारण ४ टक्के जास्त दिसते. म्हणजे २५ हॉर्सपॉवरच्या गाडीत एक हॉर्सपॉवर पाना न लावताच वाढला!

मिश्रणही १४.७, १३.२ अशा एअर-फ्युएल रेशोच्या आकड्यांत सांगण्याची सवय आता सोडायला हवी. गेज मोजतो लॅम्डा, म्हणजे मिश्रणातली हवा गरजेच्या कितीपट आहे ते, आणि त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे पूर्ण जळण्यासाठीचे खरे प्रमाण १३.५ च्या आसपास असते, तरी गेजवर १४.७ च दिसते. शुद्ध पेट्रोलवर बसवलेला मॅप (कधी किती इंधन द्यायचे त्याचा तक्ता) अशा इंधनावर चालवायचा तर घनफळाने ७ ते ८ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. 'अमक्या गाडीचा मॅप मिळाला, टाकून दिला' हा प्रकार पहिल्यांदा इथेच फसतो. लॅम्डा मात्र इंधन बदलले तरी तोच अर्थ सांगतो: १ म्हणजे बरोबर, संथ चालीत ०.९७ ते १, पूर्ण थ्रॉटलला ताकदीसाठी ०.८६ ते ०.९०.

पिगीबॅकबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज क्लोज्ड लूपशी, म्हणजे सेन्सरचे ऐकून इंधन सतत सुधारण्याशी, निगडित आहे. बहुतेक गाड्यांत कारखान्यातूनच नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर येतो. त्याचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये फिरते आणि ०.४५ च्या आसपास पलटी मारते. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे की रिच (पेट्रोल जास्त) एवढेच त्याला कळते, किती ते कळत नाही. आयडलला आणि एकसारख्या वेगाने चालताना इसीयू (इंजिनचा संगणक) त्याचे ऐकतो. थ्रॉटल पुरता पिळला की स्वतःच्या तक्त्यावर जातो. आता पिगीबॅकने संथ चालीच्या भागात ६ टक्के इंधन वाढवले, तर सेन्सर 'रिच' म्हणून ओरडणार आणि इसीयू ते ६ टक्के निमूट काढून घेणार. 'दोन दिवस गाडी मस्त पळाली, मग पुन्हा जैसे थे' ही तक्रार इथूनच येते. एवढ्यावर भागले तर ठीक. काही इसीयू ही शिकलेली वजाबाकी ओपन लूपमध्येही (सेन्सरचे न ऐकता तक्त्यावर चालताना) लावतात. तेव्हा पूर्ण थ्रॉटलला, जिथे लीन चालणे सगळ्यात महाग पडते, तिथेच इंधन कमी होते. म्हणून क्लोज्ड लूपचे रकाने शून्यावर ठेवून फक्त वरचा भाग सुधारावा, नाहीतर इसीयूच रिफ्लॅश करून (आतला मॅप नव्याने लिहून) लॅम्डाचे लक्ष्य बदलावे. मागचा सायलेन्सर तेवढा बदलला असेल तर बहुतेक वेळा मॅपला हात लावायची गरजच नसते, हे विक्रेते सांगणार नाहीत.

'चिप' म्हणून जे स्वस्तात विकले जाते ते पुष्कळदा हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत घातलेले एक रेझिस्टर असते. त्याने इसीयूला हवा थंड भासते, तो इंधन वाढवतो. पण थंड हवा समजून तो इग्निशनही पुढे नेऊ शकतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडू शकतो; भर उन्हात चढावर इंजिन नॉक करते ते त्यामुळे.

वाइडबँड (मिश्रण किती लीन किंवा रिच ते मोजणारा सेन्सर) लावला म्हणजे काम झाले असेही नाही. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. प्लग मिसिंग करत असेल तर न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरात येतो आणि गेज 'लीन' दाखवतो. ट्यूनर इंधन वाढवतो, मिसिंग आणखी वाढते. बेंड पाइपचे (इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीचे) पॅकिंग गळत असेल तरी हेच होते. गार इंजिन सुरू करून सायलेन्सरचे तोंड जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबावे, जोडाजवळ फुसफुस ऐकू आली तर मॅप उघडायचाच नाही. थ्रॉटल सोडल्यावर वाजणारे फटाकेही बऱ्याचदा याच गळतीचे किंवा सेकंडरी एअर व्हॉल्व्हचे (बाहेर जाणाऱ्या धुरात ताजी हवा सोडणाऱ्या झडपेचे) असतात. सेन्सरचे टोक खाली झुकलेले हवे, आडव्यापासून निदान १० अंश, नाहीतर पाणी साचून आतले सिरॅमिक तडकते. पॅकिंगला लावलेले साधे सिलिकॉनही सेन्सर मारते.

इंधनाचा दाब मोजल्याशिवाय मॅप करणे तर शुद्ध आंधळी कोशिंबीर. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो. ३ बारचा दाब जुन्या फिल्टरमुळे २.५ वर आला की इंजेक्टरमधून सुमारे ९ टक्के कमी पेट्रोल येते. ते मॅपमध्ये भरून काढले, आणि पुढच्या सर्व्हिसला कोणी फिल्टर बदलला, की गाडी काळा धूर सोडणार.

आता टक्केवारीची गंमत. लॅम्डा ०.९६ मिळाला आणि ०.८८ हवा, तर ०.९६ भागिले ०.८८, म्हणजे ९ टक्के वाढ. हा हिशेब पूर्ण थ्रॉटलला बरोबर उतरतो. पण इंजेक्टरला उघडायला साधारण १ मिलिसेकंद लागतो आणि बॅटरी उतरली की त्याहून जास्त. आयडलला २.२ मिलिसेकंदांच्या पल्समध्ये (इंजेक्टरला उघडण्याचा इशारा मिळतो तेवढ्या वेळात) पेट्रोल पडते ते फक्त १.२ मध्ये. पिगीबॅकने अख्खी पल्स ९ टक्क्यांनी ताणली तर ०.२ मिलिसेकंद वाढतात आणि इंधन ९ नव्हे, १६ टक्क्यांवर जाते. सिग्नलला गाडी बंद पडते, प्लग काळा होतो आणि दोष इंजेक्टरवर येतो. खालच्या रकान्यांत म्हणून एकावेळी २ टक्क्यांहून मोठे पाऊल टाकू नये. वरच्या टोकाला मर्यादा वेगळी: ९००० आरपीएमला दोन फेऱ्यांच्या एका चक्राला १३.३ मिलिसेकंद मिळतात, त्यातले ८५ टक्के म्हणजे ११.३. पल्स त्यापुढे जात असेल तर मॅप नव्हे, इंजेक्टर बदलायचा.

आपल्या पानांवर पुढच्या वेळी वाढलेली ताकद छापताना एवढे मागून घ्यावे: आरपीएमनुसार लॅम्डाचा आलेख, करेक्शनचे नाव, आत शिरणाऱ्या हवेचे तापमान, इंधनातले इथेनॉल आणि गिअर. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख एकाच दिवशी, एकाच डायनोवर, टायरमध्ये तीच हवा ठेवून काढलेले हवेत.

आपले,
दुचाकी इंजिनांचे काम करणारे काही तंत्रज्ञ